मागच्या सीटवरचे आप्पा

रविवारी सकाळी शिवानी हेल्मेट घेऊन खाली आली, तेव्हा तिचे सासरे वीरभद्रप्पा पायात चपला सरकवून निघायच्या तयारीत होते. हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी.

"आप्पा, थांबा. गाडी काढते की."

"नको नको. एसटीनं जातो मी. आठवडाभर लॅबमदी राबतीस, आज आराम कर."

तिनं काही बोलायच्या आत ते गल्लीच्या तोंडाशी पोचलेही होते.

गाडी तिच्या नवऱ्याची, गुरुची. लांबलचक, बुटकी, रुंद हँडलची क्रूझर बाइक. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तिथल्या गर्दीत ही नको म्हणून त्यानं ती सोलापुरातच ठेवली. शिवानी लग्नाआधी स्कूटर चालवायची. ही अवजड गाडी ती शिकली ती आप्पांसाठी. त्यांची जमीन माचणूरच्या पलीकडं, मंगळवेढ्याच्या वाटेवर. नजर कमी झाल्यापासून त्यांची स्वतःची मोटारसायकल सुटली होती, आणि एसटीनं फाट्यावर उतरून शेतापर्यंत चालायचं म्हणजे धाप लागायची. पहिल्यांदा सुनेच्या मागं बसून शेतावर जाऊन आले, तेव्हा गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटले होते, "सुनेनं नेलं की मला. हायवेनं! काय झकास चालवती!"

मग कुठंतरी बिनसलं. दिवाळीनंतर ते मागं बसले की गप्प असायचे. दोन्ही हातांनी मागची दांडी गच्च धरायचे. उतरल्यावर बराच वेळ गाडीला टेकून उभे राहायचे. नंतर नंतर तर एसटीच. आणि एका संध्याकाळी जिना उतरताना शिवानीच्या कानावर त्यांचं बोलणं पडलं. ओट्यावर बसून ते शेजारच्या धोंडप्पांना सांगत होते, "तिच्या मागं बसायचं म्हणलं की पोटात गोळा येतो बघ."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. आली तशी वर गेली.

त्या दिवसापासून तिचा हात बिचकू लागला. साधं वळण घेतानाही वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय. गुरुला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. म्हातारं माणूस आहे. आणि एवढंच असेल तर विकून टाकू गाडी." ते ऐकून तिला जास्तच लागलं.

पुढच्या आठवड्यात लॅबमधली वैजयंती तिच्या मागं बसून घरी आली. प्रत्येक गतिरोधकावर गाडीच्या मागून 'खट्ट' असा आवाज येत होता. एकटीनं चालवताना तो कधी आला नव्हता, आणि शेताच्या रस्त्यावरच्या खडखडाटात कधी कळला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी शिवानी अक्कलकोट रोडवरच्या तिप्पण्णाच्या गॅरेजात गेली.

तिप्पण्णानं वाकून मागचं चाक पाहिलं. सीट हातानं दाबून पाहिली.

"शॉकअप बुटके हायत हे. कुणी बसवले?"

"नवऱ्यानं. दिवाळीला आला होता तेव्हा, गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून."

"दिसायला छान. पण मागं माणूस बसला की स्प्रिंग पार तळाला जाती. मग खड्ड्याचा दणका सरळ मागच्याच्या कंबरेत."

"मला तर कधीच लागलं नाही."

"तुमी पुढं बसता ताई, दोन चाकांच्या मधी. मागचा माणूस चाकाच्या डोक्यावर बसतो. विश्वास नसंल तर बसा मागं, एक चक्कर मारू."

स्वतःच्या गाडीवर मागं बसायची शिवानीची ही पहिलीच वेळ. गाडी गॅरेजामागच्या उखडलेल्या रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यात कंबरेपासून मानेपर्यंत कळ गेली. दुसऱ्यात दातावर दात आपटले. तिनं झटकन मागची दांडी धरली, दोन्ही हातांनी, गच्च. आणि एकदम तिच्या लक्षात आलं, आपण अगदी आप्पांसारखंच बसलोय.

"थांबवा, थांबवा!"

उतरून ती गाडीला टेकून उभी राहिली. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

"लई लागलं का, ताई?" तिप्पण्णा घाबरला.

"लागलं. बरं झालं लागलं."

घरी जाऊन तिनं सासूबाईंना, नागव्वांना विचारलं. त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग म्हणाल्या, "शेताकडनं आले की कंबरेला तेल चोळायला लावायचे. शिवानीला सांगू नको म्हणून बजावलं होतं. एकाच घरात राहून किती ते लपवायचं!"

गुरुला तिनं त्याच दुपारी फोन केला. "ते शॉकअप बदलतेय मी. तुझ्या हौसेपायी आप्पांची कंबर मोडली."

तो ओशाळला. मग म्हणाला, "मागं बसणाऱ्याचं काय होईल हे डोक्यातच आलं नव्हतं गं. चांगले बसव. आणि विकायचं बोललो ते सोड."

पूर्ण उंचीचे, जाड स्प्रिंगचे नवे शॉकअप आले त्या दिवशी शिवानी आप्पांना रिक्षात घालून गॅरेजात घेऊन गेली.

"माझं काय काम हितं?" ते कुरकुरत होते.

"तुमच्या दोघांच्या वजनावर स्प्रिंग लावायची, आप्पा," तिप्पण्णा म्हणाला. "बसा दोघं."

ती पुढं बसली, ते मागं. तिप्पण्णा पान्यानं स्प्रिंगखालची रिंग फिरवू लागला. शिवानी समोर बघतच म्हणाली, "आप्पा, माझ्या चालवण्याची भीती वाटत होती का तुम्हाला?"

"तुझी? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, धोंडप्पाकाकांना. पोटात गोळा येतो म्हणून."

आप्पा गडबडले. "अगं, ते दणक्याचं सांगत होतो मी! शेतापर्यंतचा कच्चा रस्ता आठवला की येतो गोळा. तुझा काय संबंध त्यात?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गाडी कायमची लावून टाकली असतीस. वर आमचा शहाणा म्हणला असता, इकून टाकू." त्यांनी टोपी सारखी केली. "तू गाडी काढतीस तवा मी खिडकीतनं बघतो. लई बरं वाटतं. माझ्या कंबरेपायी ते कशाला घालवायचं?"

शिवानीला वळून त्यांच्याकडं बघायचं होतं, पण तिप्पण्णा ओरडला, "हलू नका, ताई!"

महिनाभर छातीवर बसलेलं ओझं तिथंच, ऑइलच्या वासात, उतरलं.

पहिल्या फेरीत गाडी जास्तच ताठ वाटली. आप्पा सीटवरून उडाले. तिप्पण्णानं रिंग थोडी सैल केली. पुन्हा फेरी. "आता कसं?" आप्पांनी नुसती मान डोलावली. सहजासहजी कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

रविवारी दोघं निघाले. कामती मागं पडली, बेगमपूरचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना काळ्या रानात कणसं धरलेली ज्वारी. आप्पा पूल ओलांडेपर्यंत गप्प होते. मग बोलू लागले. ही विहीर ईरप्पाची. त्या वळणावर एकदा आख्खी उसाची ट्रॉली उलटली होती. हेल्मेटमधून आणि वाऱ्यातून शिवानीला निम्मंच ऐकू येत होतं.

हायवे सोडून ती कच्च्या रस्त्याला लागली. समोर मोठा खड्डा आला. तिनं वेग कमी केला, खांदे आवळले. गाडी अलगद खाली गेली आणि वर आली.

"लागलं का आप्पा?"

"काय?"

"खड्डा!"

"कुटं होता?" असं म्हणून त्यांनी आपली गोष्ट तिथूनच पुढं चालू केली. शिवानी मोकळ्यानं हसली, आणि ऐकू येवो न येवो, मधूनमधून "व्हय का?" म्हणत गाडी हळूहळू शेताकडं नेत राहिली.