ओल्या फडक्याचा आकडा

ठमी लहानपणापासूनच भित्री. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, रात्री नळ थेंबथेंब गळायला लागला तरी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, ताईने, तिला वाढवलं. पुढे ही भित्री पोर शिकली आणि हवामान खात्यात शास्त्रज्ञ म्हणून लागली, तेव्हा ताई हसून हसून बेजार झाली. "अगं, गडगडलं की तू माझ्या कुशीत शिरायचीस, आणि आता तू लोकांना सांगणार वादळ कधी येणार ते?"

पण नकाशावरच्या वादळाची ठमीला कधी भीती वाटली नाही. वादळ दिसतं. गोल गोल फिरत येतं, आलं की लोक पळतात, गेलं की परत येतात. तिला भीती होती ती एकाच नकाशाची, आणि तो तिने स्वतःच काढला होता.

दहा वर्षांपूर्वी तिने एक अभ्यास केला होता. समुद्र असाच तापत राहिला तर एखाद्या दिवशी वारा पडेल, समुद्रावरची वाफ किनाऱ्यावरच्या शहरांवर येऊन बसेल, आणि त्या हवेत माणसाचा घाम वाळणार नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग सावलीत बसा, पाणी प्या, काही उपयोग नाही. असा दिवस शतकाच्या मध्याच्या आसपास येऊ शकतो, असं तिचं गणित सांगत होतं. सभागृहात तिने शेवटी म्हटलं होतं, "सुदैवाने आपल्याकडे अजून वेळ आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या सकाळी कचेरीत येऊन तिने संगणकाचा पडदा सुरू केला आणि चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला. समुद्रावर तिच्या जुन्या नकाशातला तोच तपकिरी डाग, त्याच आकाराचा, किनाऱ्याला चिकटलेला. कोपऱ्यात तारीख होती आजची.

ती मागच्या अंगणात धावली. तिथे झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक टांगलेले असतात. एक साधा, आणि दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यातलं पाणी वाळतं म्हणून तो दुसरा नेहमी बराच खाली असतो. आज दोन्ही आकडे जवळजवळ खेटून उभे होते. सकाळची वेळ, अजून ऊन चढलंही नव्हतं. ठमीने फडकं पुन्हा भिजवलं, थांबली, पुन्हा बघितलं. यंत्र बिघडलेलं असावं अशी तिने मनापासून प्रार्थना केली. यंत्र ठणठणीत होतं.

"साहेब, लाल इशारा द्यायला हवा. आत्ताच्या आत्ता."

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आकडा किती जातोय?"

"अडतीस."

"अडतीसला लाल इशारा? मॅडम, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"कोरडा अडतीस. ओल्या फडक्याचा तेहेतीसच्या वर चाललाय. साहेब, हे मी पडद्यावर सोडून कुठे पाहिलेलं नाही."

साहेबांना कळत नव्हतं असं नाही, सगळं कळत होतं. म्हणूनच त्यांनी उठून दार लावून घेतलं. "नियमात लिहिलंय, बेचाळीसच्या वर उष्णतेचा इशारा. ओल्या फडक्याचा त्यात शब्दही नाही. दुरुस्ती पाठवून तीन वर्षं झाली, समितीची बैठकच होत नाही. गेल्या साली आपण आपल्या अधिकारात पिवळा इशारा दिला. दुपारी ढग आले, गार वारा सुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं व्यंगचित्र. गार वाऱ्यात उन्हाची छत्री घेऊन एकटाच उभा. माझ्या नातीने ते शाळेत पाहिलं."

"साहेब, ह्या वेळी माणसं मरतील."

"आणि नाही मेली तर? मग पुढच्या वेळी कोण ऐकेल तुमचं?"

बरीच घासाघीस होऊन शेवटी एक ओळ गेली: 'हवा दमट राहील. नागरिकांनी काळजी घ्यावी.' ठमीने ती वाचली आणि तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं. हे वाचून लोक काय करणार? फार तर एक ग्लास सरबत पितील.

तिने ताईला फोन लावला. ताई एका मोठ्या धुलाई कारखान्यात मुकादम होती. शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, पडदे तिथे यायचे.

"ताई, आज काम सोड. घरी नको जाऊस, हॉस्पिटलच्या दालनात जाऊन बस, तिथे एसी आहे. सगळ्यांना घेऊन जा."

"का? कोण गेलं?" यंत्रांच्या घरघरीवरून ताई ओरडली.

"कोणी गेलं नाही. आज उकाडा फार वाईट आहे."

"अगं बाई, एवढंच होय! परवा एक्केचाळीस होता तेव्हा नाही मेलो, ते आज अडतीसला मरणार? आम्ही बॉयलरशेजारी दिवस काढतो. तुमच्यासारखं थंड खोलीत बसून नाही."

दशांश, टक्के, बाष्पाचा दाब, काय काय ठमीच्या ओठांवर आलं. तिने ते सगळं गिळलं. "ताई, गच्चीवरच्या दोऱ्यांवर काय आहे आज?"

"त्याचं नाव काढू नकोस. पहाटे टाकलेल्या चादरी अजून निथळताहेत. सगळा भार ड्रायरवर आलाय."

"का वाळत नाहीत?"

"का म्हणजे? हवाच ओलीचिंब आहे. आणखी पाणी घ्यायला तिच्यात जागा कुठे आहे?"

"मग तुझा घाम कुठे जाईल?"

ताईचा आवाज आला, एकदम हळू. "म्हणजे आम्हीसुद्धा वाळत नाही आहोत."

"हो, ताई."

"ठमे... पैलवान मघापासून एकच चादर उलगडतोय आणि घडी घालतोय. आम्ही सगळे हसत होतो त्याला."

ठमीने साहेबांना न विचारताच पिशवी उचलली. बाहेर पाऊल टाकताच तिच्या चष्म्यावर धुकं धरलं. काच पुसली, पुन्हा धरलं. रस्ता अगदी नेहमीसारखा दिसत होता, आणि तिला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. ऊन रणरणत नव्हतं, आभाळ नुसतं पांढुरकं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. पेपरवाला पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. "खाली उतरा हो! सावलीत बसा, पाणी ओता अंगावर!" ती ओरडली. "मॅडम, सावलीच आहे ही," तो हसून म्हणाला, आणि ते खरंही होतं. एक रुग्णवाहिका गेली. पाठोपाठ दुसरी. तिसरीचा भोंगा ऐकल्यावर ठमी धावायला लागली.

धुलाईघराच्या दारातून गरम वाफेचा लोट अंगावर आला. श्वास घेतला तरी आत काही गेल्यासारखं वाटेना. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. मधल्या लांब टेबलाशी पैलवान उभा होता. हे त्याचं खरं नाव नव्हे. एका हाताने ओल्या चादरींचा गठ्ठा उचलायचा म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. ऐन पंचविशीतला गडी. चेहरा लालबुंद, ओठांवर हसू.

"आई, खिडकी लाव ना," तो ताईला म्हणाला. "थंडी वाजतेय."

त्याचे डोळे ताईकडे होते, पण तो ताईला बघत नव्हता. पुस्तकात वाचलं होतं ठमीने: मेंदू तापला की माणूस असं बरळतो.

"यंत्रं बंद करा!" ती म्हणाली.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. त्याचाही सदरा अंगाला चिकटला होता. "कोण तुम्ही? हॉस्पिटलच्या चादरी आहेत ह्या. बंद करून कसं चालेल? लेखी आदेश आहे का? मी स्वतः बातम्या ऐकल्या, काळजी घ्या म्हणाले फक्त."

ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. घरघर थांबली. त्या शांततेत पैलवान गुडघ्यांवर कोसळला, आणि मग आडवा झाला.

ताई, ठमी आणि आणखी दोन कामकरणी, अशा चौघींनी त्याला धरून विसळायच्या हौदात उतरवलं. ठमीने पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. गच्चीवरच्या टाकीतूनच येत होतं ते. तिने हॉस्पिटलला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, गाडी नाही, खाट नाही, तुमच्यासारखे खूप जण फोन करताहेत, तुम्हीच गार करा. पैलवानाचे हातपाय झटके द्यायला लागले. एक बाई मोठ्याने रडू लागली.

"बर्फ," ठमी म्हणाली. "बर्फ कुठे मिळेल?"

"मागच्या गल्लीत, शीतगृहात," मॅनेजर म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मघाचा सगळा तोरा गळून गेला होता. त्याने चादरी वाहायची ढकलगाडी ओढली आणि स्वतःच धावत सुटला. तो परत येईपर्यंत ताई हौदात उतरून पैलवानाचं डोकं मांडीवर धरून बसली होती आणि त्याला शिव्या देत होती. "मेल्या, डोळे उघड. तुझ्या बायकोला काय तोंड दाखवू मी?"

बर्फाच्या लाद्या फोडून हौदात टाकल्या. त्याच्या मानेखाली, काखेत बर्फ धरला. हात बधिर झाले तरी कुणी सोडलं नाही. कितीतरी वेळाने झटके थांबले. मग तो ओकला, आणि मग कुठे त्याने डोळे उघडून विचारलं, "मी पाण्यात का?" बायका हसल्याही आणि रडल्याही.

तेवढ्यात साहेबांचा फोन. त्यांचा आवाज ओळखूच येईना. "मॅडम, कुठे आहात? हॉस्पिटलमधून फोन आला. ते मला विचारताहेत, हवेत कुठला विषारी वायू सुटलाय का. एवढी माणसं एकाच वेळी..." मागे आणखी एक फोन वाजत होता. "मी लाल इशारा देतोय. नियम गेला खड्ड्यात. फक्त शब्द सांगा. लोकांना कळेल असं काय लिहू?"

ठमीने हौदाकडे बघितलं, गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. "लिहा साहेब, आज दोरीवर टाकलेला कपडा वाळत नाही, तसंच तुमचं अंगही वाळत नाही. थर्मामीटरवर जाऊ नका. काम थांबवा, थंड जागी जा. कुणी बरळायला लागलं तर त्याला बर्फाच्या पाण्यात घाला."

रेडिओवर, टीव्हीवर तेच दिवसभर वाजत राहिलं. पुष्कळांनी ऐकलं. पण थंड जागी जा म्हटलं तरी जायचं कुठे? दुपारी वीज गेली. ताईने शीतगृहाच्या मालकाचं दार ठोठावलं, आणि त्याचा जनरेटर चालू आहे म्हटल्यावर आसपासच्या गल्ल्यांतून लोक लोटले. बटाट्यांच्या पोत्यांमध्ये म्हातारी माणसं, बाळंतिणी, रिक्षावाले अंग चोरून बसले. धुलाईघराच्या चादरी त्यांना पांघरायला दिल्या. ठमी दारापाशी उभी होती. दार दर वेळी उघडलं की आतली थंडी थोडी बाहेर जायची, आणि बाहेर रांग वाढतच होती.

"मॅडम, आता किती घ्यायचे?" मालक कानाशी कुजबुजला. "यंत्र धापा टाकतंय. आणखी उघडलं तर आतल्यांनाही पुरायचं नाही."

ठमीने रांगेकडे पाहिलं. पुढे एक बाई होती, कडेवर पोर. पोराची मान खाली पडली होती.

"हिला घ्या," ठमी म्हणाली. त्या बाईमागे तशीच दुसरी होती. "हिलाही घ्या." आणि मग तिला पुढे बघवेना. दार लावलं तेव्हा बाहेर कुणी आरडाओरडा केला नाही. लोक नुसते दाराला हात लावून उभे राहिले, कारण पत्रा गार होता. मॅनेजर बर्फाच्या लाद्या त्यांच्यात फिरवत राहिला, संपेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी जमिनीकडून वारा सुटला आणि चादरी फडफडू लागल्या. गेलेल्यांची मोजदाद बरेच दिवस चालली, कारण पुष्कळ जण वरच्या मजल्यांवर, बंद खोल्यांत, एकटे होते. पैलवान वाचला. महिन्याभराने कामावर आला, पण गठ्ठा उचलताना त्याचे हात थरथरत, आणि बायकोचं नाव त्याला कधीकधी आठवत नसे. त्या रंगाऱ्याचं काय झालं ते ठमीने कुणाला विचारलं नाही. त्या रस्त्याने ती पुन्हा गेली नाही.

समितीची बैठक आठवड्याच्या आत झाली. तीन वर्षं पडून राहिलेली दुरुस्ती चहा येण्याआधी मंजूर झाली. ओल्या फडक्याचा आकडा नियमात आला. साहेबांनी ठमीकडे बघून मान हलवली.

"आता निर्धास्त व्हा, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या वेळी तुम्ही म्हणाल तेव्हा इशारा."

"पुढची वेळ लांब नाही," ठमी म्हणाली. "मी नवीन गणित करून बघितलंय. शतकाच्या मध्याची वाट बघायला नको. इशारा मी देईन. पण शहरात थंड जागा किती आहेत, आणि त्यांत माणसं किती मावतील?"

एकाने भिंतीवरच्या शहराच्या नकाशाकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं.

"एक शीतगृह," शेवटी साहेब म्हणाले. "ते माहीत आहे."

अध्यक्षांनी पेन उचललं. "बरं. आणखी?"