भंतेंची कवळी

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. हो, खोट्या दातांची. नाक मुरडू नका, रोज घासूनपुसून लख्ख असते मी.

दंतवैद्याच्या मागच्या खोलीत एका कारागिराने गुलाबी मेणात एकेक दात बसवून मला घडवले. मग मी विहारातल्या थोरल्या भंतेंच्या तोंडात गेले आणि नऊ वर्षे तिथेच सुखाने नांदले. काय हसायचे ते! ध्यानाला बसलेला कोणी घोरू लागला, की सगळ्यांत आधी मी हलायचे.

एकदा ते समजावत होते, की काहीच आपले नाही, सगळे सुटून जाणार आहे. तेवढ्यात मी सटकन जमिनीवर पडले. सगळे श्वास रोखून बसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. भंतेंनी मला उचलले आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "मी नुसतं सांगत होतो, हिने करून दाखवलं." नवरा गेल्यापासून घुमी झालेली शिंपीणबाई त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसले नाहीत ते फक्त धाकटे भंते. लोक धम्म चेष्टेवारी नेतील, अशी त्यांना धास्ती.

पुढे थोरले भंते अंथरुणाला खिळले. धाकट्यांनी त्यांचे सगळे केले, मलाही तेच धुवायचे. एका सकाळी धाकटे उशाशी बसून डोळे पुसत होते. ते पाहून थोरल्यांनी मला जिभेने अर्धी बाहेर ढकलली आणि डोळा मिचकावला.

"भंते, आता तरी पोरखेळ सोडा," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी मला काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि ओठ मिटले. दुपारपर्यंत ते गेले.

आता मी विहारात काचेच्या पेटीत असते. लोक गंभीर चेहऱ्याने मला हात जोडतात, फुले वाहतात. मला अगदी कसनुसे होते. शिंपीणबाई एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, ही कवळी आहे. ते असते तर पोट धरून हसले असते." धाकटे पेटीची काच पुसत राहिले.

पण सगळे निघून गेले, की ते पेटी उघडून मला तळहातावर घेतात. भंतेंच्या हिरड्यांचा आकार माझ्यात अजून तसाच आहे. त्या पोकळीत कोणीतरी हसते आहे, असे मला वाटत राहते. त्यांनाही ऐकू येत असावे, कारण ते मला कानाशी धरतात.

"एकदा पुन्हा करा ना, भंते," ते म्हणतात. "या वेळी हसतो मी."

मित्रांनो, तुम्हाला हसवायला कोणी धडपडत असेल, तर त्याला दटावू नका. तेव्हाच हसा. मला दात आहेत, पण हसता येत नाही.