मांडीवर वाजलेला पंखा

मी एक जुना पुठ्ठ्याचा हातपंखा आहे. मित्रांनो, हसू नका. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात अंत्यविधींचा धंदा करणाऱ्या एकाने आमच्या चर्चला दोनशे पंखे फुकट वाटले, त्यांतला मी एक. पाठीवर त्याची जाहिरात घेऊन जन्मलो, तेव्हा मिरवण्यासारखे काही नव्हतेच. पण अर्नेस्टीन मावशींनी मला उचलले आणि माझे भाग्य उजळले.

मावशी दुसऱ्या बाकावर बसत. त्यांची भाची वर्डेल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि रविवारी चर्चमध्ये गात असे. आमच्याकडे गाणे कुणी गुपचूप ऐकत नाही. वर्डेलने ओळ म्हटली की मावशी मला फडफडवत ओरडत, "गा गं माझे बाई! सांग त्या देवाला!" मग वर्डेलचा आवाज आणखी वर चढे.

एका उन्हाळ्यात एका सिनेमाची मंडळी गाणी मुद्रित करायला आमच्या गावी आली. त्यात आमच्याच धाटणीची, चर्चच्या गाण्यांतून निघालेली सोल गाणी होती. पडद्यावर ओठ नटीचे हलणार होते, पण मुख्य गाणे वर्डेल गाणार होती आणि अल्बमवर नावही तिचेच छापणार होते. तिने दोन दिवस ध्वनिमुद्रणाच्या काचेच्या खोलीत गाऊन पाहिले. सूर चुकला नाही, शब्द चुकला नाही, तरी गाणे शिळ्या पावासारखे कोरडेच राहिले.

संगीतकार बेन्स म्हणाले, "बाई, राग मानू नका. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर कॅलिफोर्नियाहून दुसरी गायिका बोलावतो."

वर्डेल बाहेर येऊन रडू लागली. "मावशी, तिथं कुणी हूं की चूं करत नाही गं. भिंतींपुढं काय गाऊ?"

"मग मला आत ने," मावशी म्हणाल्या.

ध्वनिमुद्रक क्लाइडने कपाळाला हात लावला. "मावशी, तुमच्या तोंडून एक शब्द निघाला तरी गाणं वाया जाईल. आणि यंत्राचा आवाज नको म्हणून आत गार हवा बंद असते, उकडून जाल."

"शब्द काढणार नाही. पंखा तरी नेऊ देशील की नाही, बाबा?"

दुसऱ्या दिवशी मी मावशींबरोबर आत गेलो. मुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. पहिल्या ओळीला मावशींनी ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या ओळीला मी हवेत थबकलो. आणि तिसऱ्या ओळीला त्यांनी मला दाणकन मांडीवर मारले, थप्प! वर्डेलने वळून पाहिले. मग तिने लिहिलेली चाल सोडली आणि रविवारी गाते तशी गाऊ लागली. थप्प! थप्प! शेवटच्या सुराला माझी काडी मोडली.

क्लाइड धावत आला. "मावशी, हे काय केलंत?"

"एक तरी शब्द बोलले का रे मी?"

"साहेब, पुन्हा घेऊ या का?" त्याने बेन्सना विचारले.

बेन्सनी डोळे पुसले. "त्या गाण्याला हात लावशील तर याद राख!"

अल्बम निघाला आणि त्यावर वर्डेलचे नाव छापून आले. माझे कुठे नाही, पण नीट कान दिलात तर मी ऐकू येतो. मावशी आता नाहीत. वर्डेलने माझ्या काडीला चिकटपट्टी लावून मला जपून ठेवले आहे. एवढी माया फुकटच्या पंख्याच्या वाट्याला कुठे येते? मी त्या दोघींचा फार ऋणी आहे.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण तुमच्यापुढे कुणी गायला उभे राहिले, तर परीक्षकासारखे गप्प बसू नका. त्याला हुंकार द्या. समोरून हुंकार आला नाही, तर चांगला गळाही स्वतःला ओळखत नाही.