मालोजीशेठच्या कपाटाची पाचर

"सुखदा, त्या कपाटाची पाचर तेवढी काढू नकोस हं. दार आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही." मला रावेतच्या फ्लॅटमध्ये आणलं तेव्हा चित्राताई सुनेला म्हणाल्या.

"अहो आई, आत आहे काय? जुन्या रजया. त्या कुठं पळून जाणारेत?" सुखदा हसली. तिनं दारात पाचर बांधलेली सुतळी कापली आणि ती पाचर स्वयंपाकघरातल्या आपटणाऱ्या खिडकीला लावून टाकली.

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे. सुखदाचा नवरा निरंजन, त्याचे पणजोबा मालोजीशेठ. इंग्रजांच्या काळात त्यांची पुण्यात लाकडाची वखार होती. तिथंच मला घडवलं. दार लोटलं की बाहेरची खिट्टी कट्‌कन पडे. नोकर दार उघडं टाकतात म्हणून शेठनीच ती युक्ती केली होती.

पुढे शेठ नगरपालिकेवर निवडून आले. गल्लीगल्लीतून अर्ज येऊ लागले. "ठेवा आत, बघू," म्हणत शेठ ते माझ्या पोटात टाकत. सुभद्राबाईंचा अर्जही असाच पडून राहिला. त्यांच्या आळीतल्या हौदाला झाकण हवं होतं, एवढंच. महिन्याभरानं त्या हौदात त्यांची नात बुडाली.

त्या आल्या, ओरडल्या नाहीत. "शेठ, माझा कागद कुठं ठेवलाय, तेवढं दाखवा." शेठनी दार उघडलं. कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

त्याच दिवशी शेठनी स्वतः पाचर तासली आणि माझ्या दारात सुतळीनं बांधली. "हे दार पुन्हा लागता कामा नये." मग रोज सकाळी उभ्यानं अर्ज वाचायचे आणि मगच वखारीत जायचे. ते नगराध्यक्ष झाले, हारतुरे झाले. त्यांच्यामागे मात्र मी नुसती अडगळ.

गेल्या शनिवारी निरंजन चाकणला फर्स्ट शिफ्टला गेला होता. सुखदा लपाछपीचे आकडे मोजत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची चार वर्षांची लेक चिमी लपायला माझ्यात शिरली. खिट्टी पडली.

आधी ती खुदकन हसली. मग दार ढकलू लागली. मग हाका. रजयांनी तिचा आवाज गिळला. माझ्या फळ्या जाड, फट एकही नाही. तिचा श्वास गरम होत चालला, आणि मला तोंड नव्हतं.

सुखदानं बाल्कनी, लिफ्ट, पार्किंग पालथं घातलं. बाहेरून खिट्टी पडलेल्या कपाटात पोर असेल, हे तिच्या मनातच आलं नाही.

गेटवरच्या वॉचमनला तिनं विचारलं, "दादा, माझी चिमी खाली आली का हो?"

"नाही ताई. गेट मी सोडलंच नाही."

धापा टाकत ती वर आली. स्वयंपाकघरात शिरली आणि तिची नजर खिडकीतल्या पाचरीवर गेली.

दार उघडलं तेव्हा चिमी घामानं निथळत रजयांवर पडली होती. डोळे किलकिले करत ती म्हणाली, "आई, तू दहापर्यंतच मोजणार होतीस ना?"

पाचर आता पुन्हा माझ्या दारात आहे. सुतळी सुखदानंच बांधली, तीन गाठी मारून.

मित्रांनो, माझी गोष्ट तुम्ही इतका वेळ वाचलीत. या वेळात घरातल्या धाकट्याचा आवाज तुमच्या कानावर आला का? नसेल, तर पुस्तक पालथं ठेवा आणि आधी त्याला बघून या.