गाडी हल्ली जाते कुठे?

गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा सोमवारी लागला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, सकाळी घाईत असायची, म्हणून आधी तिने कानाडोळा केला. पण चार दिवस झाले तरी दिवा विझेना, वर सिग्नलला गाडी आचके द्यायला लागली. शनिवारी अर्धी रजा टाकून तिने गॅरेज गाठलं.

मेकॅनिक ओळखीचा होता. माणसांशी कमी आणि गाड्यांशी जास्त बोलायचा. त्याने स्टिअरिंगखाली यंत्राची वायर खुपसली आणि पडद्यावरचा आकडा वाचला.

"पेट्रोल नीट जळत नाहीये. का, ते बघू."

त्याने इंजिनातले चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. काजळीने काळेकुट्ट झाले होते.

"पेट्रोल खराब मिळालं का?" तिने विचारलं.

"छे." तो आत जाऊन जुनं रजिस्टर घेऊन आला. पान शोधून त्यावर बोट ठेवलं. "मागच्या वर्षी तीन महिन्यांत साडेतीन हजार किलोमीटर. आता आठ महिन्यांत जेमतेम सहाशे. ताई, गाडी हल्ली जाते कुठे?"

"दुकानात. तिथून घरी."

"किती लांब?"

"दीड किलोमीटर असेल."

"आणि आधी?"

आधी आठवड्यातून तीनदा ती आईला डायलिसिसला न्यायची, पलीकडच्या शहरातल्या हॉस्पिटलात. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. घरात दोघींचं फारसं पटायचं नाही, साधी खिडकी उघडी ठेवण्यावरून खटके उडायचे. गाडीत मात्र आई मोकळी व्हायची. बाबांच्या आधी आईचं लग्न एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी ठरता ठरता राहिलं होतं, हे तिला त्याच रस्त्यावर, पन्नाशीला आल्यावर कळलं होतं.

"आई होती तेव्हा लांब जायची," एवढंच ती म्हणाली.

प्लग पुसणारा मेकॅनिकचा हात थांबला. "मला कुणी बोललं नाही."

"मीच कुणाला सांगितलं नाही, दादा."

त्याने उगाच तोच प्लग पुन्हा पुसला. "इंजिन तापायच्या आत तुम्ही बंद करता. काजळी धरणारच. नवे प्लग बसवतो. दिवा मी यंत्राने आत्ता घालवू शकतो, पण मग रोग गेला की नाही ते कळायचं नाही. तीन मोठ्या फेऱ्या मारा. सगळं ठीक असेल तर आपला आपण विझेल."

"मोठ्या म्हणजे?"

"तासाभराच्या."

"पण जाऊ कुठे?"

तिने गंमत केली असं वाटून तो हसला. "कुठेही जा की!"

दोन फेऱ्या तिने शहराबाहेरच्या हमरस्त्यावर मारल्या. रेडिओ लावला, बंद केला. दिवा होता तिथेच होता. तिसऱ्या वेळी फाट्यावर कसलाही विचार न करता तिने गाडी हॉस्पिटलकडे वळवली.

आत जायचं तिच्या मनात नव्हतं. गाडी बंद करून ती नुसती बसून राहिली. तेवढ्यात बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. हाताला पट्टी, मांडीवर पिशवी. आईच्या शेजारच्या पलंगावरचे आजोबा.

"आजोबा, सोडू का घरी?"

त्यांनी तिला निरखून पाहिलं. "तू भांडकुदळ बाईंची मुलगी ना?"

कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. "हो, तीच."

"आज सुनेला वेळ नाही. चल."

त्यांचा पट्टा लावून तिने चावी फिरवली. काचेखालचे सगळे दिवे लागले आणि एकेक विझले. त्यात तो पिवळाही विझला.

"गेला!" ती ओरडली.

"कोण गेलं?" आजोबा दचकले.

"इंजिनचा दिवा हो. तीन आठवडे छळत होता."

"बरं." त्यांनी डोळे मिटले आणि घर येईपर्यंत उघडले नाहीत. डायलिसिसनंतर माणूस किती गळून जातो, ते तिला ठाऊक होतं. खड्डा आला की ती वेग कमी करत होती.

फाटकाशी त्यांना उतरवताना तिने विचारलं, "परवा येऊ का न्यायला?"

"कशाला? परवा सून आहे." दोन पावलं जाऊन ते वळले. "तुझी आई गेली तेव्हापासून तो पलंग गप्प आहे बघ. आता तिथे येतो तो माणूस बोलतच नाही."

ते आत जाईपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.

परत येताना तिने गॅरेजला फोन केला. मागे कसलीशी खडखड चालली होती.

"दादा, दिवा विझला."

"छान झालं. आता गाडी आणायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. आणखी काही विचारता येईल का, असा विचार करेपर्यंत फोन बंद झाला होता.

पुढच्या शनिवारी दुपारी तिने पाण्याची बाटली भरली आणि कधीच न गेलेल्या रस्त्याने गाडी काढली. अर्ध्या तासावर एक तळं लागलं. काठावर गाडी थांबवून ती खाली उतरली. पाण्यात बदकं होती, माणूस एकही नव्हता. पाण्याकडे बघता बघता ती आईला बदकं किती आहेत ते सांगू लागली, आधी मनात, मग मोठ्याने.