खानाचा पाट

परातीत पाणी भरून तुर्दीकूलनं ती जमिनीवर ठेवली आणि पालथं पडून, एक डोळा मिटून, तो पाण्याच्या कडेवरून समोरच्या टेकाडाकडे बघत राहिला. घोड्यावर बसलेला खानाचा सरदार होलमत बेग ताटकळला होता. टेकाडापलीकडे खानाची नवी बाग होती, आणि तिथवर पाट नेण्याचं काम बेगाकडे होतं. त्यानं चाबकाच्या टोकानं टेकाडावरून थेट सरळ रेघ दाखवली होती.

तुर्दीकूल उठला, दाढीतली माती झटकली.

"या वाटेनं पाणी जायचं नाही, बेग. टेकाडाला वळसा घालावा लागेल."

"खानांचा हुकूम आहे."

"हुकूम माणसांना कळतो. पाण्याला उतार तेवढा कळतो."

फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. बेग हसला नाही. वळशाला किती दिवस लागतील, त्यानं विचारलं. चाळीस, तुर्दीकूल म्हणाला. आणि चाळिसाव्या दिवशी पाणी पोचलं नाही तर?

"तर मला पाटात आडवा करून वरून माती लोटा."

ही थट्टेनं बोलायची गोष्ट नव्हती. कामचुकार म्हणून दोघांना चरात जिवंत गाडल्याची बोलवा खानाच्या कोकंद शहराच्या आसपासच्या गावागावांत होती.

गावानं तुर्दीकूलला पाणी वाटणारा पाटकरी नेमलं त्याला वीस वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात हाच खान दोनदा गादीवरून उठला आणि पुन्हा येऊन बसला. दरवेळी नवे शिपाई येत आणि तू कोणाच्या बाजूचा म्हणून विचारत. तो म्हणे, खान उठो की बसो, गुरुवारची पाण्याची पाळी गुरुवारीच येणार. गाव त्याला शिष्ट म्हणे, पण पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली की त्याच्याच दारात येई.

घरटी एक माणूस खोदाईला जायचा होता. तुर्दीकूलचा धाकटा भाऊ एर्नाझारही आला. सव्विसाव्या दिवशी वळणावरच्या भुसभुशीत मातीत काठ ढासळला आणि एर्नाझार खाली सापडला. उपसून काढला तेव्हा फावड्याचा दांडा मुठीत तसाच होता.

दफन करून माणसं परतली. भावजय अंझिरत दारातच उभी होती.

"तुमच्याच रेघेवर गेले ते, आका," ती थोरल्या दिराला म्हणाली.

सरळ रेघ टणक जमिनीतून जात होती, तिथं काठ ढासळला नसता. पण तिथून पाणीही गेलं नसतं, आणि चरात अजून साठ माणसं बेगाच्या चाबकाखाली होती. दफनानंतर चौथ्या दिवशी पहाटे तो वळणावर हजर झाला. त्यानं काठ रुंद करून त्याला पायऱ्या पाडून घेतल्या. बेग उशीर होतोय म्हणून ओरडला, तेव्हा तो कामावरून नजरसुद्धा न हलवता म्हणाला, दिवस माझ्या ध्यानात आहेत.

चाळिसाव्या दिवशी सकाळी नदीकाठचं पाटाचं तोंड फोडलं. पाणी चरात शिरलं, वळणावर क्षणभर घुटमळलं, मग मान वळवून निघालं. दुपारी ते बागेच्या हौदात पडलं. बागेत म्हातारा माळी सोडून कोणी नव्हतं. खान पहाटेच गादी सोडून, गाड्या भरून रशियनांच्या मुलखाकडे निघून गेला, माळ्यानं सांगितलं. बेगही त्याच्या मागे गेला होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाव फावडी घेऊन पाटावर आलं. खानाचा पाट बुजवायचा होता. या पाटातलं ओंजळभर पाणी घ्यायलाही गावाला बंदी होती आणि टेकाडाच्या अंगची शेतं वाळून चालली होती. राग साठलेला होता. तुर्दीकूल वळणावर आडवा उभा राहिला.

"यात खानाची मूठभर माती तरी आहे का? उपसली आपण. आता हा पाट आपला."

"तुझा भाऊ खाल्ला यानं," कोणी तरी म्हणालं.

"म्हणूनच बुजवू देणार नाही."

तो आवाज चढवून बोलला नव्हता, पण पुढचे थांबले. गर्दीत अंझिरतही होती. तिच्या हातात एर्नाझारचं फावडं होतं. तिनं ते जमिनीवर टेकवलं. ती वाहत्या पाण्याकडे वळली.

"माझी पाळी कधी?" तिनं विचारलं.

"पाळी शेपटाच्या शेतापासून सुरू होते. पाटाच्या टोकाचं शेत तुझं, म्हणजे पहिली पाळी तुझी. उद्या सकाळी."

माणसं हळूहळू पांगली.

सकाळी तो गेला तेव्हा तिनं बांधाला दारं पाडून ठेवलं होतं. खरबुजांचे वेल माना टाकून पडले होते. पाणी आत शिरलं की पाटकऱ्याचं काम संपतं, पण तुर्दीकूलनं जोडे काढले आणि तो चिखलात उतरला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, दोघं एकेक सरी भरत गेली. शेवटची सरी भरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.