दोन बोटं माया

“जादाचं कापड कापूनच टाका, मास्तर. आत नुसता गोळा होतो,” मुलीची आई म्हणाली.

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. शाळेची पायरी कधी न चढलेल्या या शिंप्याला सारी गल्ली मास्तर म्हणे, आणि शाळेतले निम्मेअधिक गणवेश याच मास्तरांच्या हातचे. समोर स्टुलावर पोर उभी होती. दवाखान्यातून परतल्यापासून निळा फ्रॉक तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

“घरी पडून राहा म्हटलं तर ऐकत नाही.”

“घरी सगळे माझ्याकडेच बघतात,” पोर म्हणाली. “शाळेच्या रांगेत उभं राहिलं की त्यातली मी कुठली ते कुणाला कळतसुद्धा नाही.”

गणवेश शिवण्यात मास्तरांचं आयुष्य गेलं, पण त्याचा हा उपयोग त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांनी टाचण्या काढल्या.

“माया कापायची नसते, ताई. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आत दुमडून ठेवतो. पोरगी अंगानं भरली की उसवून देईन, फुकट.”

“नक्की?” पोरीनं विचारलं.

“मास्तरांचा शब्द!”

सुट्टी संपून शाळा उघडायच्या आठवड्यात दुकानात मान वर करायला सवड नव्हती. तेवढ्यात तोच फ्रॉक मशीनवर आला. पुढ्यात त्या पोरीची आई.

“भरली ना अंगानं? म्हटलं नव्हतं मी?” मास्तर खुशीत म्हणाले.

“शेजारणीच्या मुलीला द्यायचाय. ती अंगानं जरा भरलेली आहे.”

मशीन थांबलं.

“माझ्या जिभेला हाड नाही, ताई,” मास्तर कसंबसं म्हणाले.

“तुम्हाला काय ठाऊक? अगदी शेवटपर्यंत शाळेत गेली. आतून शिवण टोचायची हो तिला, वळ उठायचे. कापून आणते म्हटलं की फ्रॉक कवटाळून बसायची. म्हणायची, मास्तरांनी माझ्यासाठी ठेवलीय माया.”

मास्तरांनी फ्रॉक उलटा केला. त्या दिवशी आईचं ऐकलं असतं तर पोरीला तेवढा तरी त्रास वाचला असता. खाली मान घालून ते एकेक टाका उसवू लागले. धुऊन धुऊन फ्रॉक विटला होता, पण आतली दोन बोटं गडद निळी, कोरी करकरीत निघाली.

आईनं त्या पट्टीवरून हात फिरवला. “हे वेगळं दिसेल का हो?”

चार धुण्यांत रंग एक होतो, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. आज त्यांना तसं म्हणवेना.

“दिसेल,” ते म्हणाले.

“दिसू दे,” आई म्हणाली, आणि शिवण होईपर्यंत बाकावर बसून राहिली.